८ हजारात गिटारसाठी आधी डिले पेडल घेऊ की रिव्हर्ब? गणपतीच्या आधी ठरवायचंय

कुडाळचा_गिटारवाला:

नमस्कार मंडळी, मी कुडाळचा. चार वर्षं झाली गिटार वाजवतोय, आधी अकूस्टिक होती आणि मागच्या दिवाळीपासून इलेक्ट्रिक. स्क्वायरची स्ट्रॅट, घरी १० वॉटचा छोटा प्रॅक्टिस अँप (त्याला रिव्हर्बचा नॉबच नाही) आणि एक ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज जरा फाटका करणारं), एवढाच संसार.

मे महिन्यात आमच्या वाडीत पूजेला ऑर्केस्ट्रा ठेवलेला, त्यात पहिल्यांदा स्टेजवर लीड वाजवला. अँप नेला नव्हता, साउंडवाले म्हणाले डायरेक्ट मिक्सरला लाव, लावली. वाजवताना मजा आली पण दुसऱ्या दिवशी चुलतभावाने मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि जेवण गेलं नाही. कीबोर्ड कसा भरलेला वाटत होता, गायिकेच्या आवाजाला मागे छान शेपूट होतं, आणि माझी गिटार ठणठणीत कोरडी. सूर वाजला की तिथंच मेला. वरच्या तारांवर तर पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येत होता. त्या लीडसाठी मी तीन महिने रोज रात्री बसलो होतो, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात एकच, की आवाजाला मागे काहीतरी पाहिजे. यंदा आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला जात होतो त्यातले ८ हजार बाजूला ठेवलेत, त्याच्यावर एक रुपया नाही. यूट्यूब बघून बघून गोंधळ वाढलाय, एकजण म्हणतो डिले (म्हणजे इको) घे, दुसरा म्हणतो रिव्हर्बशिवाय (म्हणजे घुमण्याशिवाय) गिटार म्हणजे मिठाशिवाय आमटी, तिसरा म्हणतो अ‍ॅनालॉगच घे डिजिटलला जीव नसतो. मला दोन्ही एकदम जमणार नाही, मग आधी कुठलं? की सरळ मल्टी इफेक्ट (एकाच डब्यात सगळे इफेक्ट) घेऊ? आणि अजून एक, ओव्हरड्राइव्हबरोबर एक स्वस्तातला अ‍ॅडाप्टर ऑनलाइन मागवलेला तो लावला की मागे बारीक कुईंऽऽ आवाज येत राहतो, बॅटरीवर येत नाही. नवीन पेडल घेतलं तरी तेच होणार का? गणपतीत दोन ठिकाणी वाजवायचं ठरलंय त्याआधी काहीतरी करायचंय. जाणकारांनी सांगा प्लीज.

वेंगुर्ल्याचा_बेसवाला:

भावा, आधी दोन्हीतला फरक कानाने समजून घे मग पैसे काढ. एखाद्या दिवशी विजयदुर्गला जा नायतर आमच्याकडे रेडीच्या यशवंतगडावर ये, मोठ्या तटाच्या भिंतीपासून १७ मीटरवर उभा राहा (मोठी बावीस-तेवीस पावलं टाक) आणि जोरात एकच टाळी मार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, जाऊन येऊन ३४ मीटर झाले, म्हणजे टाळी १०० मिलिसेकंदांनी परत येते आणि वेगळी, सुटी ऐकू येते. हा झाला डिले. आता घरी येऊन विहिरीच्या काठावरून आत हाक मार. तिथं परत येणारा आवाज एक नसतो, चारी बाजूंनी शेकडो आवाज एकमेकांवर चढून येतात, कान त्यांना वेगळे करू शकत नाही, नुसती घुमघुम उरते आणि हळूहळू विरते. हा रिव्हर्ब. दोघांची जात एकच, फक्त डिलेत परतीचे आवाज मोजता येतात आणि रिव्हर्बमध्ये येत नाहीत.

म्हणूनच माझं मत, एकच घ्यायचं असेल तर डिले. कारण डिलेवरून रिव्हर्बचं काम बऱ्यापैकी भागवता येतं, उलटं होत नाही. टाइम १०० ते १२० मिलिसेकंद, फीडबॅक एवढाच की तीन-चार परतीचे आवाज येऊन विरतील, आणि मिक्सचा (परतीचा आवाज किती मिसळायचा तो) नॉब घड्याळात ९ वाजतात तिथं. कोणाला कळणार पण नाही की डिले लावलाय, फक्त गिटार खोलीत वाजतेय असं वाटेल. लीडला तोच टाइम ३५०-४५० वर ने, की सूर लांबतो.

आणि नुसत्या इकोवर माणसांनी आयुष्यभराचा टोन उभा केलाय. शॅडोज या जुन्या इंग्लिश बँडचा हँक मार्विन घे, त्याच्या त्या स्वच्छ लीडचं अर्धं सौंदर्य मागच्या टेप इकोत आहे. यू-टू बँडचा गिटारवाला एज तर डिलेला दुसऱ्या गिटारवाल्यासारखाच वापरतो, सुरुवातीच्या काळात इलेक्ट्रो हार्मोनिक्सचा मेमरी मॅन डिले होता त्याच्याकडे. त्याची युक्ती सोपी आहे, परतीचा आवाज ठोक्यावर न पाडता पाऊण ठोक्यावर पाडायचा. हिशोब असा की ६०,००० ला टेम्पोने (मिनिटाला किती ठोके त्याने) भाग, एका ठोक्याचे मिलिसेकंद येतात. टेम्पो १२० असेल तर ५००, त्याचा पाऊण म्हणजे ३७५. टेम्पो १०० असेल तर ६०० आणि पाऊण ४५०. हे लावून साधे अर्ध्या-अर्ध्या ठोक्याचे सूर वाजव, मधल्या जागा आपोआप भरतात, मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत बंदच केलं नव्हतं.

सुरंगीचा_वळेसार:

दादा, मी सावंतवाडीची. आमची घरचीच साउंड सिस्टिम आहे, बाबांबरोबर नववीपासून जातेय आणि आता गेली सात वर्षं मिक्सरवर मीच बसते. त्यामुळे मी पलीकडच्या बाजूने सांगते.

तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाटतं तुमचं दुखणं इकोचं नाहीच आहे, निदान आधी नाही. ‘वरच्या तारांवर पत्र्यावर खडे’ हे लिहिलंत ना, तिथंच कळलं. इलेक्ट्रिक गिटार अँपमधून ऐकतो तेव्हा तिचा स्पीकर स्वतःच एक चाळण असतो, साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज तो फारसा बाहेर सोडतच नाही. त्यामुळे टोकेरीपणा तिथंच गळून जातो आणि सूर गोल वाटतो. आमच्या पीएच्या टॉपमध्ये (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरमध्ये) हॉर्न असतो, तो १५ हजाराच्या वरपर्यंत सगळं स्वच्छ दाखवतो, पिक तारेला घासलेलं पण दाखवतो. ओव्हरड्राइव्ह डायरेक्ट मिक्सरला घातलात तर तो डब्यात माशी अडकल्यासारखा वाजतो, त्याला तुमच्या हाताचा दोष नाही. यावर तुम्ही कितीही छान डिले लावलात तरी तो खडबडीत आवाज एकदाच्या ऐवजी चारदा ऐकू येईल.

तेव्हा दोनच रस्ते. एक, अँप स्टेजवर न्या आणि साउंडवाल्याला सांगा माइक लाव. १० वॉटचा पण चालतो, आवाज आम्ही वाढवतो, फक्त माइक स्पीकरच्या जाळीला टेकवून, मधल्या टोपीपासून जरा बाजूला. दोन, कॅबिनेट सिम्युलेशन असलेलं काहीतरी घ्या, म्हणजे अँपच्या स्पीकरची चाळण मशिनमध्येच लागते. तुमच्या पैशात झूमचा जी-वन फोर बघा, त्यात अँप-कॅबिनेट पण आहेत, डिले-रिव्हर्ब पण आहेत, एका वेळी पाच इफेक्ट लावता येतात, लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारा) आहे, आणि चार पेन्सिल सेलवर चालतो हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. लाइट गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत बाकीच्यांचं सगळं परत चालू व्हायला वेळ लागतो, तुमचं चालूच. भाव दर महिन्याला हलतात ते तेवढे बघून घ्या.

आणि एक विनंती, इको किती लावायचा ते जागा बघून ठरवा. मोकळ्या मैदानात आवाज निघून जातो, परत काही येत नाही, तिथं डिले-रिव्हर्ब जरा जास्त चालतो. पण गणपतीत बहुतेक कार्यक्रम पत्र्याच्या शेडखाली नाहीतर मंगल कार्यालयात असतात, चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, वर पत्रा, खाली लादी. ती जागाच रिव्हर्ब आहे. तिथं तुम्ही अजून हॉल रिव्हर्ब घातलात तर सगळ्याचा काला होतो. डबलबारीला जाता ना भजनाच्या? तिथं बुवांना आवाजावर भरपूर इको लागतो आणि तो शोभतो, कारण मागे हार्मोनियम, पखवाज, झांजा आणि शब्द यांच्यात मोकळी जागा असते. ऑर्केस्ट्रात ड्रम, बेस, दोन कीबोर्ड, ढोलकी असताना ती जागा नसते. आणि कार्यक्रमाच्या आधी मिक्सरवाल्याला सांगा की मी माझा इको पेडलवरून देतोय, तुमचा माझ्या चॅनलला देऊ नका. हे कोणीच सांगत नाही आणि मग दोन्हीकडचे इको एकमेकांत अडकतात.

दर्यावर्दी_मालवण:

बाबू, तुका एक सांगतंय, गडबड करू नको. तुका काय होया तां आधी ठरव, मगे पैसे काढ.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढे मराठीत. मी तारकर्ली-मालवण पट्ट्यात हॉटेलांत आणि लग्नांत वाजवतो, पंधरा वर्षं झाली. ताईंचं कॅबिनेटचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण मल्टी इफेक्टबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्याकडे पण मल्टी होता. अंधारात स्टेजवर, समोर डोळ्यावर लाइट, गाणं चालू, आणि तुला डिले थोडा कमी करायचाय, तर आधी पान बदल, मग इफेक्ट निवड, मग नॉब कुठला ते शोध. सुट्या पेडलला तीन नॉब, पायाच्या अंगठ्याने पण फिरवता येतात. शिकणाऱ्याने तर सुटंच पेडल घ्यावं असं मला वाटतं, तीन नॉबशी सहा महिने खेळलास की इको म्हणजे काय ते अंगात मुरतं. मल्टीत शंभर आवाज असतात आणि एकाशीही ओळख होत नाही, हे मी माझ्या दोन विद्यार्थ्यांत बघितलंय, रोज नवीन पॅच (साठवलेला आवाज) लावतात आणि गाणं एकही पूर्ण बसलेलं नाही.

मी स्वतः बॉसचा डीडी-थ्री वापरतो, जुना, सेकंडहँड घेतलेला. ८०० मिलिसेकंदांपर्यंत जातो, त्याच्यापुढे मला आजपर्यंत लागलं नाही. नवीन घेणाऱ्याला तो बजेटच्या बाहेर जाईल, पण बेहरिंगर, डॉनर, मूअर, टीसी इलेक्ट्रॉनिकचं स्वस्तातलं डिले-रिव्हर्ब बघ. बेहरिंगरची बॉडी प्लॅस्टिकची असते, पाय आपटत वाजवणाऱ्याने जपावं, आवाजाला काही कमी नाही.

जोडताना ओव्हरड्राइव्ह आधी, डिले नंतर, रिव्हर्ब सगळ्यात शेवटी. उलटं केलंस तर परतीचे बारीक आवाज पण ड्राइव्हमध्ये जाऊन मोठे होतात आणि चिखलणीसारखं होतं सगळं. तसा आवाज मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

कुडाळचा_गिटारवाला:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावलं नव्हतं. सुरंगी ताई, तुमचं वाचून काल रात्री गिटार होम थिएटरच्या स्पीकरला लावून बघितली आणि परत अँपला, फरक लगेच कळला, तोच खड्यांचा आवाज. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या गोष्टीला दोष देत होतो.

पण आता अजून अडकलो, दर्यावर्दी दादांचं पण पटतं. अँपला माइक लावून घेतला तर सुटं डिले पेडल पुरेल, नाहीतर मल्टी. आणि सुटं घेतलं तर अ‍ॅनालॉग की डिजिटल, आणि तो अ‍ॅडाप्टरचा आवाज? त्याच्यावर कोणी बोललं नाही अजून.

सोल्डर_रत्नागिरी:

अ‍ॅडाप्टरचं मी सांगतो, तोच माझा धंदा आहे. रत्नागिरीत अँप, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करतो, पेडल पण येतात अधूनमधून, पावसाळ्यानंतर तर जास्तच.

आधी अ‍ॅनालॉग-डिजिटलचं, कारण त्याच्याभोवती विनाकारण भीती आहे. अ‍ॅनालॉग डिलेत जी चिप असते तिची कल्पना १९६९ साली फिलिप्समध्ये निघाली. तिला बकेट ब्रिगेड म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. गवताच्या गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि हातोहात बादल्या पुढे देतात, बघितलं असेल. चिपमध्ये पाण्याच्या जागी विजेचा भार, एका बादलीतून दुसऱ्या बादलीत, एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये अशा ४,०९६ बादल्या आहेत. शेवटच्या माणसापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, तो वेळ म्हणजेच डिले. आणि हातोहात देताना थोडं सांडतं, शिवाय बादल्यांचा खडखडाट लपवायला फिल्टर लावावा लागतो, म्हणून परतीचा आवाज दर खेपेला काळोखा, मऊ होत जातो. लोकांना आवडतो तो हाच मऊपणा. जास्त वेळ हवा असेल तर एकतर बादल्या वाढवा नाहीतर माणसांना सावकाश चालवा, आणि सावकाश चालवलं की आवाज अजून खराब होतो. त्यामुळे अ‍ॅनालॉगचा टाइम कमी असतो, १९८१ चा बॉसचा डीएम-टू ३०० मिलिसेकंदांपर्यंतच जायचा. आता बेसवाल्या भावांनी वर दिलेला हिशोब बघा, टेम्पो १०० ला पाऊण ठोका ४५० येतो. ३०० वाल्या पेडलमध्ये तो बसणारच नाही. तेव्हा पेडल घेण्याआधी तुला कुठला आवाज वाजवायचाय ते ठरव आणि त्याचा जास्तीत जास्त टाइम वाच, अ‍ॅनालॉग-डिजिटल नंतर.

डिजिटलमध्ये आवाज आकड्यांत साठवून तसाच परत देतात, दहावा परतीचा आवाज पण पहिल्याइतका स्वच्छ ठेवता येतो. बॉसने १९८३ ला डीडी-टू काढला तेव्हापासून ही गोष्ट छोट्या पेडलमध्ये आली. मधली एक जात आहे ती स्वस्त पेडलवाल्यांनी माहीत करून घ्यावी, पीटी२३९९ नावाची चिप. आहे डिजिटल, पण टाइम वाढवला की परतीचे आवाज घोगरे होतात, त्यामुळे बरेच जण तिला अ‍ॅनालॉग आवाजाचा डिले म्हणून विकतात. त्यात फसवणूक वाटायची गरज नाही, मला स्वतःला तो आवाज आवडतो, लीडच्या मागे गुपचूप राहतो, अंगावर येत नाही. साधारण साडेतीनशे मिलिसेकंदांपर्यंत ती छान वाजते, पुढे खरखर वाढत जाते.

आता तुझी कुईंऽऽ. तो आवाज बहुतेक अ‍ॅडाप्टरमधल्या स्विचिंग सर्किटचा आहे, मोबाइल चार्जरच्याच जातीचं सर्किट असतं आणि स्वस्तात फिल्टरचे पार्ट वाचवलेले असतात. बॅटरीवर येत नाही म्हणजे पेडल ठीक आहे. पण लक्षात ठेव, डिजिटल डिले-रिव्हर्बमध्ये आत स्वतःचं घड्याळ धावत असतं, ते आणि ओव्हरड्राइव्ह एकाच वायरीच्या माळेवर लावलेस तर त्या घड्याळाची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तो ती मोठी करून देतो. म्हणजे नवीन पेडल घेऊन आवाज जाण्याच्या ऐवजी वाढेल. उपाय म्हणजे दोघांना वेगवेगळी वीज. महागडा आयसोलेटेड सप्लाय आत्ता नको घेऊस, ओव्हरड्राइव्ह ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालव, तो फार कमी वीज खातो, महिनोन्महिने जाते, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेव, कारण केबल आत असली की पेडल चालूच राहतं. आणि चांगला अ‍ॅडाप्टर डिजिटलला दे, त्याला पेडलवर लिहिलेले मिलिअँपियर पुरतात का बघ. सुटं डिजिटल पेडल त्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा विचार करू नकोस, एका कार्यक्रमात संपते.

ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डचा अ‍ॅडाप्टर उचलून पेडलला लावू नका रे कोणी. पेडलला बहुतेक वेळा पिनच्या आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह लागतं, कीबोर्डचा उलटा असू शकतो. जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडाप्टर ९ लिहून कमी लोडवर १२-१३ व्होल्ट पण देतात. गेल्या वर्षी असंच एक डिले पेडल माझ्याकडे आलं होतं, आतला एक भाग तडकून काळा झालेला, टेबलावर उघडलं आणि वासावरूनच कळलं. मुलाने कॉलेजच्या पैशातून घेतलेलं. सुदैवाने मेन चिप वाचली होती.

आणि आपली हवा. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने पेडल टेबलावर उघडं ठेवू नये. जून ते सप्टेंबरमध्ये जॅकच्या आत हिरवा थर चढतो, नॉब फिरवला की खर्र खर्र येतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या घट्ट डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फेकून देऊ नका, उन्हात वाळवल्या की परत थोड्या कामाला येतात. बॅटरी महिनाभर वापरायची नसेल तर काढून ठेवा, आत फुटली की तिचं पाणी सगळं खाऊन टाकतं. सेकंडहँड घेणार असाल तर आधी जॅकमध्ये टॉर्च मारून बघा, मागचे स्क्रू गंजलेत का बघा, मग प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, आणि पेडल बंद ठेवून गिटार ऐका, आवाज बारीक झाला तर नको.

शेवटचं, हे जिवाचं आहे म्हणून लिहितो. मांडवात वीज कशी ओढलेली असते सगळ्यांना माहीत आहे. तारांना हात लावला की हम् कमी होतो तेवढ्याने घाबरू नकोस, ते गिटारमध्ये होतंच, पण तारांवर हात ठेवून ओठ माइकला लागले आणि मुंग्या आल्या तर तिथंच थांब, वाजवू नकोस, अर्थिंग बघायला लाव. हम् घालवायला प्लगची अर्थची पिन कधीही काढायची नाही. डीआय बॉक्सला (गिटार आणि मिक्सरच्या मधे लावतात तो डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते वापर, त्याने सिग्नलचा हम् जातो आणि अर्थ जागेवर राहतो.

सुरंगीचा_वळेसार:

सोल्डर दादांनी अर्थिंगचं लिहिलं ते फार बरं केलं. आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी टेस्टर घेऊन माइकची जाळी बघतो, पावसात तर दोनदा.

कुडाळवाले दादा, ठरत नसेल तर सावंतवाडीला या. आमच्याकडे जी-वन फोर आहे, दोन टॉप आणि एक छोटा मिक्सर गोडाऊनमध्ये लावून देते, तुमचा अँप पण घेऊन या. दोन्ही ऐका आणि मग ठरवा. रविवारी दुपारी आम्ही घरीच असतो.

वेंगुर्ल्याचा_बेसवाला:

आणि तिथून पुढे पणजी दीड-दोन तासांवर आहे, फुर्ताडोजचं दुकान आहे तिथं, काही पेडल हातात घेऊन बघता येतील. ऐकल्याशिवाय घेऊ नको.

कुडाळचा_गिटारवाला:

काल जाऊन आलो, सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

दुपारी पोचलो, बाहेर नुसता ओतत होता, गोडाऊनला वर पत्रा, त्यामुळे आधी अर्धा तास काही ऐकूच येईना, ताईंच्या आईने चहा आणि शिरवाळ्या दिल्या. पाऊस जरा कमी झाल्यावर आधी माझा अँप लावला आणि समोर माइक, जाळीला टेकवून, मधल्या टोपीपासून दोन बोटं बाजूला. तोच लीड वाजवला. इको काही नाही, रिव्हर्ब काही नाही, आणि तरी खडे गेले. मी दोनदा विचारलं की मिक्सरवर काही लावलंय का, ताई म्हणाल्या सगळं शून्यावर आहे, या बघा. मग झूम डायरेक्ट मिक्सरला, फक्त अँप आणि कॅबिनेट चालू, ते पण तसंच गोल. म्हणजे माझं अर्धं दुखणं एक रुपया न घालता गेलं असतं.

उरलेलं अर्धं म्हणजे सूर तिथंच मरणं, त्याच्यासाठी डिले चालू केला. ३७५ लावला, गाण्याचा टेम्पो १२० च आहे, फीडबॅक तीन परतीचे, मिक्स अगदी कमी. ताईंनी डोळे मिटून ऐकायला सांगितलं आणि मधेच डिले बंद केला. चालू असताना तो वेगळा ऐकूच येत नव्हता, पण बंद केल्यावर गिटार एकदम एकटी पडली. तो क्षण मी विसरणार नाही. नंतर हॉल रिव्हर्ब लावून बघितला, त्या पत्र्याखाली दोन ओळींतच शब्द कळेनासे झाले, ताईंनी वर लिहिलं होतं तसंच. काढून टाकला.

दर्यावर्दी दादा, तुमचं मत पण तपासलं. पान बदलताना खरंच अडखळायला होतं. मग ताईंनी सुचवलं की तीनच पॅच बनवा, एक साधा, एक ड्राइव्हचा, एक लीड आणि डिलेचा, शेजारी शेजारी ठेवा आणि बाकीच्यांना हातच लावू नका. तसं केलं की पायाने पुढे-मागे एवढंच.

तर निर्णय असा, जी-वन फोर घेतोय. दोन्ही कार्यक्रमांत अँप नेण्याची सोय नाहीये, बाइकवरून जायचंय आणि पाऊस असणार, हे शेवटी जास्त महत्त्वाचं ठरलं. सेलवर चालवणार म्हणजे तो कुईंवाला अ‍ॅडाप्टर घरीच. ओव्हरड्राइव्ह त्याच्या आधी, बॅटरीवर. सुटा डिले पुढच्या आंब्याला, तोपर्यंत मनातला आवाज कुठला ते कळलेलं असेल.

सोल्डर दादा, एकच विचारायचं राहिलं. ओव्हरड्राइव्हच्या जॅकमध्ये टॉर्च मारून बघितलं, आत कडेला हिरवं दिसतंय. मी घरीच साफ करू की तुमच्याकडे पाठवू?

सोल्डर_रत्नागिरी:

कडेलाच असेल तर घरी होईल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आण, गंज काढायचं तेल नव्हे. बॅटरी काढ, स्प्रे जॅकच्या आत न मारता आधी प्लगवर मार, मग तोच ओला प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर कर, फडक्याला हिरवं येईल ते पुस, परत कर. फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग अर्धा तास पंख्याखाली उघडं ठेव आणि वाळल्यावरच बॅटरी लाव. तरी खरखर राहिली तर एसटीच्या पार्सलने पाठव, जॅक बदलून देतो, गणपतीच्या आधी परत मिळेल.